खिळ्यांवरची छपरं

"गिरणीच्या गल्लीत मी जाणार नाही बाई. दुसरीकडं कुठंही पाठवा," सुतार म्हणाला.

मास्तरीणबाईंनी यादीतून मान वर केली नाही. वादळाला तीन दिवस झाले होते आणि त्यांचा आवाज पार बसला होता. ओढ्यापलीकडच्या गावातून मदतीला आलेली वीसेक माणसं शाळेच्या ओट्यावर उभी होती, कुणी फावडं घेऊन, कुणी घमेलं. छपराचं काम कळणारा त्यांत हा एकटाच.

"का नाही जाणार?"

 सुताराचा दोस्त लोहार मध्ये पडला. "जाईल हो. सकाळपासून असंच तोंड करून बसलाय. बायकोनं चहात साखर विसरली असंल."

दोघं निघाले. वाटेवर झाडं आडवी पडली होती, पत्रे चिखलात रुतले होते. कुठंतरी मेलेल्या जनावराची घाण सुटली होती. कापणीला आलेलं पीक जमिनीला असं चिकटलं होतं की पाय ठेवायला मन होईना.

"गिरणीवाल्याचं छप्पर तूच बसवलंस ना? मग अडतंय कुठं?" लोहारानं विचारलं.

सुतार थांबला. "वासे भिंतीला आवळायला तुझ्याकडून लोखंडी पट्ट्या घ्यायच्या होत्या. सुगी होती, तुझ्याकडं ही रांग. म्हटलं, सध्या खिळ्यांवर ठेवू, मागनं येऊन बसवू. चार वर्षं झाली त्याला."

"त्यानं विचारलं नाही?"

"दोनदा निरोप धाडला. मी आज येतो, उद्या येतो करत राहिलो."

लोहाराची थट्टा जागच्या जागी विरली. गिरणीवाल्याची बायको वादळात छपराखाली सापडून गेली, हे आता दोन्ही गावांना ठाऊक होतं.

गिरणीवाला पडक्या घरात आंबलेलं पीठ खोऱ्यानं ओढत होता. वरती छप्पर नव्हतं, नुसतं आभाळ. ह्यांना बघूनही त्याचा हात थांबला नाही. सुतारानं कोपऱ्यातला एक वासा उचलला. टोकाला दोन वाकडे खिळे, बस्स. तो तसाच हातात धरून म्हणाला, "दादा, ह्याला पट्ट्या नव्हत्या. मी बसवल्याच नाहीत."

"माहीत आहे. तिच्या अंगावरनं मीच उचललाय तो."

"छप्पर नवं करून देतो. लाकूड माझं, मजुरी माझी."

"माझ्या घराला तुझा हात नको."

सुतारानं वासा खाली ठेवला. लोहार पायानं चिखल उकरत राहिला. गिरणीवाल्यानं खोरं टेकवलं.

"अशी अजून किती बसवलीस?"

सुताराला नाही म्हणता आलं असतं. कुणी वर चढून बघणार नव्हतं.

"ह्या गावात पाच."

"उभी आहेत?"

"उभी आहेत. पण जोर गेला असंल त्यांचा."

दक्षिणेकडं आभाळ पुन्हा काळवंडलं होतं. संध्याकाळपर्यंत वारा परत सुटणार, असं सकाळीच मास्तरीणबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं. गिरणीवाल्यानं खोरं भिंतीला लावलं, पिठानं चिकट झालेले हात धोतराला पुसले.

"चल. दाखव कुठली ती."

"मी भट्टी पेटवतो," असं म्हणून लोहार उलट्या पावली निघाला. "जेवढ्या होतील तेवढ्या पट्ट्या घेऊन येतो."

"दादा," सुतार म्हणाला, "लोकं मारतील मला."

"मारतील," गिरणीवाला म्हणाला आणि पुढं चालू लागला.

पहिलं दार एका बाईनं उघडलं. कडेवर लेकरू, आत आणखी दोघं. दोन माणसं दारात बघून तिला वाटलं, काही वाटायला आलेत. तिनं लगबगीनं पातेलं पुढं केलं.

"काय आणलंय?"

सुतारानं गिरणीवाल्याकडं बघितलं. तो दुसरीकडंच बघत होता.

"काही आणलं नाही ताई. तुमचं छप्पर मी बसवलंय आणि ते नीट बसवलेलं नाही. नुसत्या खिळ्यांवर आहे. वारा सुटायच्या आत लेकरांना घेऊन शाळेत जा."

बाईनं वर बघितलं, मग गिरणीवाल्याकडं. तिनं पातेलं खाली ठेवलं. सुताराला वाटलं, आता ही शिव्या घालणार. पण ती वळली आणि आतल्या लेकरांना उठवू लागली.

सुतार तिथंच उभा होता. गिरणीवाला पुढच्या दाराशी पोचून कडी वाजवत होता.