आप्पांची अर्धी सही

मित्रांनो, तलवाड्याच्या शाळेत, विज्ञानाच्या कपाटात, बिघडलेल्या सूक्ष्मदर्शकाशेजारी मी बसून असतो. मी फॅक्सचं एक जुनं यंत्र. एका गावच्या यंत्रात कागद घातला की दुसऱ्या गावी त्याची हुबेहूब नक्कल बाहेर येई, ते आमचं काम. मला शाई लागत नसे. गुळगुळीत कागदाला मी नुसती ऊब देई आणि काळी अक्षरं उमटत.

देशाची दारं परदेशी कंपन्यांना नुकतीच उघडली होती. तेलगावजवळचा सरकीचा एक कारखाना अशाच एका कंपनीने घेतला आणि तिच्या बीडच्या ऑफिसात मला टेबल मिळालं. सुरुवातीला माणसं मला नुसती बघायला येत. कुणी हळूच हात लावी. फार कौतुकाचे दिवस होते ते.

कारखान्यात सरकीवरची लव काढून गाठी बांधत. त्या गाठी कंपनी परदेशातल्या आपल्याच बहीण-कंपनीला विकत असे. भाव ठरवायचे कारखान्याचे व्यवस्थापक राजेश्वरआप्पा. तोच भाव का ठरवला, हे ते स्वतःच्या हाताने लिहून तिथल्या यंत्रातून मला पाठवत आणि मूळ कागद टोपलीत टाकत. इकडे ते कागद कावेरी घेई. ती बीडचीच, बी.कॉम. झालेली, ऑफिसचा हिशेब सांभाळणारी.

२००१ साली नवा कायदा आला. कावेरीने आप्पांना फोन केला. "आप्पा, हे काय आता नवीन?"

"सोपं हाय, पोरी. आपल्याच बहिणीला माल इकला तरी परक्याला लावला असता तोच भाव लावायचा. आन् तो कावून लावला, ते त्याच येळी लिहून ठेवायचं. कागद आठ वर्षं जपायचे."

"आठ वर्षं?"

"तवर आमी असू न्हाई तर नसू. कागद पायजे."

कावेरीने आप्पांचा एकेक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पत्र्याच्या कपाटात ठेवला. कपाट पश्चिमेच्या, दुपारभर उन्हाने तापणाऱ्या भिंतीला होतं. पुढच्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, आप्पा छातीत कळ येऊन गेले.

२००४च्या उन्हाळ्यात आयकर खात्याने ते कागद मागितले. कावेरीने कपाट उघडलं आणि पहिली पिशवी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. कागद कोरा होता. दुसरा कोरा. तिसऱ्यावर फक्त "कावेरीबाई, नमस्कार" एवढंच शिल्लक होतं. खालची सगळी कारणं, आकडे, सही पुसून गेली होती. जणू आप्पा दारात येऊन नमस्कार म्हणाले आणि पुढं बोलायच्या आत कुणी त्यांना ओढून नेलं. कुलूप शाबूत होतं. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलो नाही.

मित्रांनो, कुणाचा हात लागला नव्हता. माझी अक्षरं क्षणभराच्या उबेतून जन्मतात आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेनेच विरतात. प्लास्टिक तर त्यांना आणखी लवकर खातं. तिने जपलं म्हणूनच ती अक्षरं गेली, हे तिला कोण सांगणार?

आप्पांच्या जागी आता पुण्याहून आलेले आदिनाथसाहेब होते. फोनवर ते म्हणाले, "घाबरू नका. मी आज कारखान्यातून कागद पाठवतो. फाईलला लावून टाका."

त्याच दुपारी आप्पांच्या पत्नी नीलाबाई ऑफिसात आल्या. मुलीचं, प्रणिताचं, लग्न ठरलं होतं. मांडवात लावायला त्यांना आप्पांचा ऑफिसातला फोटो हवा होता. कावेरी फोटो शोधत असताना माझी घंटी वाजली आणि कागद सरकू लागला.

अक्षर मी ओळखलं नाही. सही मात्र ओळखली. ती आप्पांची होती.

कागद नीलाबाईंच्या बाजूला उतरला. त्यांनी तो उचलला. "कावेरी, ह्यो तर गरम हाय गं."

नीलाबाईंनी वरची तारीख वाचली. तीस नोव्हेंबर दोन हजार एक.

"त्या दिशी प्रणिताचा वाढदिवस. कार्तिकी पुनव व्हती. ते आमच्यासंगं कपिलधारला होते, दिवसभर." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मग हे कोण लिहीत होतं?"

तोवर दुसरा कागद उतरला. मग तिसरा येऊ लागला. मी थांबू शकत नव्हतो. कावेरीने धावत येऊन माझी तार उपटली. आप्पांची अर्धी सही बाहेर आली, अर्धी आतच राहिली.

थोड्या वेळाने तिने तार पुन्हा जोडली आणि माझाच रिसीव्हर उचलून कारखान्याला फोन लावला.

"तिथल्या यंत्राची तारीख मागे केली, एवढंच," साहेब म्हणाले. "दुसऱ्या कागदावरची जुनी सही चिकटवली. अहो, आप्पांनी हेच लिहिलं होतं ना? खोटं काय आहे त्यात?"

"हेच लिहिलं होतं, साहेब. पण हे त्यांनी लिहिलेलं नाही."

"तुमच्या नोकरीचं बघा मग."

तिने रिसीव्हर ठेवला. नीलाबाई हातातले कागद लांब धरून उभ्या होत्या. "हे घरी न्यायचं न्हाई आन् हितंबी ठिवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. कावेरीने चहाचा स्टोव्ह पेटवला. जाळ लागण्याआधीच कागद अख्खा काळा पडला. त्या काळ्यात सही आधी बुडाली, मग कागद जळला. मग कावेरीने फोटो शोधून दिला आणि नीलाबाईंना रिक्षापर्यंत सोडून आली.

अधिकाऱ्यांकडे तिने कोरेच कागद नेले, सोबत आपल्याला आठवतं तेवढं स्वतःच्या सहीने लिहून. अधिकाऱ्यांनी एक कागद खिडकीच्या उजेडात धरला, खूप वेळ पाहिला आणि खाली ठेवला. आठवणीवर भाव मान्य होत नाही, म्हणाले. कंपनीला दंड झाला. कावेरीची नोकरी गेली. पुढे तिला नांदूरघाटच्या एका बियाण्यांच्या दुकानात काम मिळालं. बीडचं ऑफिस उठलं आणि कुणीतरी मला या शाळेला देऊन टाकलं.

मित्रांनो, तुमच्या घरी अशा गुळगुळीत कागदावर काही असेल, दवाखान्याची चिठ्ठी, लांबच्या माणसाचा निरोप, तर आजच त्याची झेरॉक्स काढा. नाहीतर साध्या वहीत, शाईने, आपल्या हाताने उतरवून घ्या आणि खाली नाव आपलंच घाला. आणि उशीर झालाच, कागद कोरा निघालाच, तर तो कोराच राहू द्या. गेलेल्या माणसाला पुन्हा लिहायला बसवू नका.