टॉर्किलचा श्वास, मोरागची बोटं

मी बॅगपाइप. एरवी कुणी फुंकल्याशिवाय माझ्यातून सूर निघत नाही. आज मात्र आपणहून बोलतोय.

माझं लाकूड आफ्रिकेतलं, काळंभोर आणि जड. पिशवी मेंढीच्या कातड्याची. ग्लासगोतल्या एका कारागिराने मला घडवलं आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या टॉर्किल मॅथिसनच्या हाती दिलं. टॉर्किल फेरीबोटीवर दोरखंड ओढायचा. तळहात खरबरीत, पण बोटं अशी हलकी, की ती सुरावटीच्या नळीवर टेकली की मला गुदगुल्या व्हायच्या. काखेत पिशवी, खांद्यावर माझे तीन लांब नळे, असा तो चालू लागला की कुरणातल्या मेंढ्यासुद्धा मान वर करायच्या.

दर ऑगस्टमध्ये गावाबाहेरच्या माळावर जुन्या लढाईचं नाट्य होतं. एकीकडे किल्ट, म्हणजे चौकड्यांचे निऱ्यांचे घागरे, नेसलेले डोंगरी लोक, दुसरीकडे लाल कोटातले इंग्रज शिपाई. आपण हरलेली लढाई हौसेने पुन्हा पुन्हा हरणारी माणसं मी इथेच पाहिली. टॉर्किल मला वाजवत सगळ्यांच्या पुढे. त्याची बायको विनी सीमेपलीकडची, अस्सल इंग्रज, म्हणून ती लाल कोटात. घरातले किल्ट तीच शिवायची आणि आपला लाल कोटही. ठरलेल्या जागी ती बार काढायची, टॉर्किल कोसळायचा, मी लांबलचक कण्हायचो आणि प्रेक्षक हसायचे.

"नवऱ्याला गोळी घालताना काही वाटत नाही का गं?" बायका विचारायच्या.

"वर्षभर वाट बघते मी," विनी म्हणायची.

त्यांची मुलगी मोराग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सरावाच्या छोट्या नळीवर शिकली. टॉर्किल चुकलं की सांगायचा. बरोबर आलं की नुसतं पुढचं पान उलटायचा. एक दिवस मोरागने ती नळी ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावून घेतला. पुढे ती नोकरीला ॲबर्डीनला गेली. लढाईला मात्र यायची, शिपायांना पाणी देणारी बाई व्हायची.

मग एका वर्षी मला टॉर्किलची उजवी करंगळी वेगळी लागली. सगळ्यात खालचं भोक ती नीट झाकेना. कडेने हवा निसटायची आणि सूर चिरका यायचा. त्याच्या तळव्यात एक गाठ आली होती. मला ती नळीवर जाणवायची. त्याने मात्र कुणाला सांगितलं नाही. दोष माझ्यावर आला. त्याने माझी सूर काढणारी वेताची पत्ती बदलली, पिशवी बदलली, शेवटी मला ग्लासगोला पाठवलं. कारागिराने मला उलटसुलट तपासलं आणि काही बिघाड नाही म्हणून परत धाडलं. त्यानंतर टॉर्किलने मला पेटीत घालून जिन्याखाली ठेवलं.

"यंदा मी भाला घेतो," तो विनीला म्हणाला. "बॅगपाइप फार जुना झालाय."

पेटीत ओल असते आणि माझ्या जातीला कोरडेपणाइतकीच ओलही बाधते. पण त्याहून जास्त बाधलं ते त्याचं बोलणं. एरवी मी कधी कुणावर रुसत नाही.

जुलैच्या शेवटी मोराग नव्या किल्टचं माप द्यायला आली. विनी जमिनीवर कापड पसरून निऱ्या घालत होती. मोराग जिन्याखाली इस्त्री शोधायला गेली आणि मलाच घेऊन आली. पिशवी भरताना तिचा चेहरा लाल झाला. दम पुरेना, काखेचा दाब कमीजास्त व्हायचा, सूर अडखळायचे. बोटं मात्र जागच्या जागी पडत होती. इतक्या महिन्यांनी कुणीतरी खालचं भोक पुरतं झाकलं.

टॉर्किल दारात उभा होता. "करंगळी उगाच उचलतेस."

मोरागने मला टेबलावर ठेवलं. "हेच, बाबा. याच्यासाठीच सोडलं होतं मी."

विनीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "तिला करंगळी उचलता तरी येते, टॉर्किल. तुझा हात दाखव तिला."

"काय दाखवायचंय त्यात?"

"महिनाभर खिशात घालून हिंडतोयस तो. मला काय दिसत नाही?"

त्याने हात टेबलावर माझ्या शेजारी ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळली होती. मोरागने ती बोटं सरळ करून पाहिली. ती हलेनात.

"दुखतं?"

"नाही. माझ्या बापाचंही असंच झालं होतं. वाजवणाऱ्यांचा शाप म्हणतात याला." मग तो हळू म्हणाला, "बॅगपाइपला काही झालेलं नाही. माझंच झालंय."

माझ्यावरचा आळ उतरला, पण आनंद काही झाला नाही.

मग मोराग म्हणाली, "दम आहे ना अजून तुझा?"

"दमाला काय धाड भरलीय."

तिने मला त्याच्या काखेत दिलं, भोकं आपल्या बोटांखाली यावीत म्हणून माझी सुरावटीची नळी अर्धी फिरवली आणि त्याच्यासमोर तोंड करून उभी राहिली. तो फुंकू लागला, तिची बोटं चालू लागली. आधी दोघं भांडले, कारण तिला घाई आणि त्याला ठेका हवा. विनी निऱ्या घालता घालता पायाने ताल देत होती. तिन्हीसांजेपर्यंत एक चाल जमली.

"म्हणजे माळावर ही उलटी चालणार?" विनीने विचारलं. "आणि गोळी कुणाला घालायची मी?"

"मला," टॉर्किल म्हणाला. "हिला नको. हिच्याकडे बोटं आहेत."

त्या ऑगस्टला मोराग शत्रूकडे पाठ करून, एकेक पाऊल मागे टाकत लढाईला गेली. वाटेत खड्डा आहे की दगड, ते तिला बापाच्या डोळ्यांत बघून कळत होतं. विनीने बार काढला. टॉर्किल खाली बसला आणि आडवा होताना त्याने पिशवी मोरागच्या हातात दिली. मी कण्हायला लागलो होतो, तेवढ्यात तिने नळी फिरवली, मला काखेत घेतलं आणि फुंकलं. सूर कापत होते. तरी ती चालत राहिली, आता तोंड पुढे करून.

विनी नवऱ्याजवळ आली. "मेलास ना तू? मग डोळे मीट."

"मिटतो गं. एवढी चाल संपू दे," तो म्हणाला.

पुढे डॉक्टरांनी त्याच्या हातावर शस्त्रक्रिया करून बोटं थोडी सरळ केली. चहाचा कप धरता येतो, मला धरता येत नाही. मी आता ॲबर्डीनला मोरागकडे असतो. शेजारी भिंत ठोकतात म्हणून ती मला समुद्रकाठी नेते. टॉर्किल आला की थंडीत बाकावर बसतो, अजूनही चुका सांगतो, आणि ती अजूनही चिडते.

वाजवून झालं की मोराग अंगठ्याने आपला तळवा चाचपते. बापाचं दुखणं लेकीत उतरतं, असं डॉक्टर म्हणाले आहेत. अजून तरी गाठ नाही. मीही तिची करंगळी रोज तपासतो.

तुमच्या घरात जिन्याखाली माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर त्याला बाहेर काढा. आम्ही लाकडाचे, टिकतो. तुमची बोटं वळली नाहीत तोवर आमच्याकडे या.