अक्षरपाटीवरचं बोट

सभागृहात शंभरेक आईबाप श्वास रोखून बसले होते. मंचावर नऊ वर्षांची छोटी होती. तिला स्वमग्नता होती आणि ती आजवर एक शब्दही बोलली नव्हती. तिचं मनगट 'संवादमाता' म्हणवणाऱ्या बाईंच्या मुठीत होतं. छोटीचं बोट अक्षरपाटीवर फिरलं आणि पडद्यावर उमटलं, 'आई, तू माझं आभाळ आहेस.' पहिल्या रांगेत तिची आई हमसून हमसून रडू लागली.

"देह कुलूप आहे, माझा स्पर्श किल्ली," बाई म्हणाल्या. "फक्त शंका आणू नका. शंकेने लहरी तुटतात."

मी छोटीच्या शाळेत वाचा-उपचार करते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. बोट अक्षरं टिपत होतं तेव्हा छोटी छताच्या पंख्याकडे बघत होती.

शाळेत ती चित्रांची वही वापरायची. पाणी, बाहेर, नको यांपैकी हवं ते चित्र वहीतून काढून समोरच्याच्या हातात द्यायची. इतक्या हुशार मुलीला चित्रं कशाला, असं बाईंनी म्हटल्यावर आईने वही कपाटात टाकली. पुढे छोटी स्वतःच्या गालावर बुक्क्या मारू लागली. आईने बाईंकरवी पाटीवर कारण विचारलं. उत्तर आलं, 'मी जगाचं दुःख झटकते आहे.' तीन आठवडे घरात त्याचं कौतुक चाललं. गाल सुजला तेव्हा वडील घाबरून माझ्याकडे आले.

मी एक साधी चाचणी सुचवली. बाई हसत तयार झाल्या, त्यांचा स्वतःवर पुरता विश्वास होता. दोघींच्या मध्ये पुठ्ठा उभा केला, म्हणजे एकीचं चित्र दुसरीला दिसणार नाही. दोघींना बूट दाखवला, पाटीवर 'बूट' आलं. मग छोटीला चमचा दाखवला आणि बाईंना छत्री. आलं 'छत्री'. छोटीला घड्याळ, बाईंना मासा. आलं 'मासा'. आठ वेळा केलं. छोटीने पाहिलेलं एकदाही आलं नाही.

"मी हलवत नव्हते हो," बाई पुटपुटल्या. मला ते खरं वाटलं. मनात जे असतं तिकडे हात नकळत ढकलला जातो, आणि ढकलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आईने विचारलं, "म्हणजे मला आभाळ कोण म्हणालं?"

मी पुठ्ठा बाजूला केला आणि सुजलेला गाल आधी दंतवैद्याला दाखवा म्हणाले.

त्याच दुपारी दंतवैद्याने छोटीची दाढ पाहिली. मुळाशी पू झाला होता. तीन आठवडे पोर मुठीने तेच सांगत होती.

वही पुन्हा उघडली. दोन महिन्यांनी आईने छोटीला घट्ट मिठी मारली, तेव्हा छोटीने वहीतून एक चित्र काढून तिच्या तळहातावर ठेवलं. 'नको.' आईने हात सोडले. "बरं," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली.

तुमच्या मुलाचा आवाज सापडला असं कोणी सांगितलं, तर तो तपासून घ्या. त्याने प्रेम कमी होत नाही. मूल आपल्याला हवं ते बोलेलच असं नाही, पण ते जे सांगतं ते त्याचं स्वतःचं असलं पाहिजे.