मांडीतली उशी

तलावावर तिला सगळे टॉवेलबाई म्हणत. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत ती अठरा वर्षं टॉवेल देत होती, ओले टॉवेल गोळा करत होती आणि विसरलेल्या अंगठ्या-कानातली सांभाळून ठेवत होती. यंदा वरून हुकूम आला की टॉवेल ज्याचा त्याने आणायचा. म्हणजे टॉवेलबाईची गरज संपली. जीवरक्षकाची एक जागा तेवढी रिकामी होती आणि तिच्यासाठी तलावावरच्या माणसांनाही परीक्षा देता येणार होती. वयाची अट पंचेचाळीस. टॉवेलबाईला पंचेचाळीस पुरी व्हायला दोनच महिने उरले होते, तेव्हा ही पहिली संधी आणि हीच शेवटची.

"वहिनी, या वयात बुडणाऱ्याला वाचवणार, की त्याला सोबत करणार?" नणंदेने विचारलं. नणंद तिला लग्नापासूनच पाण्यात पाहत होती, त्यामुळे टॉवेलबाईने ते मनावर घेतलं नाही.

पोहायला ती शिकली होती ती दुपारच्या सुट्टीत, तलाव बंद असताना, लोकांचं बघून बघून. साहित्याच्या जाळीत फोमची एक वस्तू असायची, कमरेत आवळलेल्या छोट्या उशीसारखी. ती मांड्यांत धरली की पाय आपोआप वर राहत आणि अंग सरळ तरंगे. टॉवेलबाईने ती एकदा धरली ती सोडलीच नाही. बघता बघता दोनशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत जाऊ लागले. परीक्षेची मर्यादा साडेपाच मिनिटं. तिने अर्ज भरला, नणंदेला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, दूधवाल्यालाही सोडलं नाही.

परीक्षेला तीन आठवडे असताना प्रशिक्षक एका दुपारी विसरलेला डबा न्यायला परत आले आणि काठावर उभे राहून बघत राहिले. माणूस तिरसट, पण मनात एक आणि ओठांत एक असा नव्हता. तलावावर सगळे त्यांना सर म्हणत.

"बाई, मांडीत काय आहे?"

"उशी, सर."

"उशी घरी. हिचं नाव काय?"

नाव तिला माहीत होतं. साहित्याच्या वहीत दर महिन्याला तीच लिहीत होती, 'पुल बॉय, नग बारा'. त्याचा अर्थ काय हे विचारायची वेळ कधी आली नव्हती.

"पुल म्हणजे ओढणं," सर म्हणाले. "हातांनी पाणी ओढायचं. आणि बॉय म्हणजे समुद्रात खुणेसाठी तरंगत ठेवतात तो पिंपासारखा गोळा. हातांना ताकद आणायची असली की थोडा वेळ पायांचा भार याच्यावर टाकायचा. एवढ्यापुरती ही वस्तू."

"म्हणजे ओढायचं मी आणि तरंगायचं त्याने?"

"बरोब्बर. आणि परीक्षेत तरंगणार कोण?"

गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या टॉवेलबाईच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षेत कुठलंही साधन चालणार नाही, हे अर्जावर छापलेलं होतं. तिने ते वाचलंही होतं. पण ती उशी तिच्या लेखी साधन राहिलीच नव्हती, अंगाचाच भाग झाली होती.

सरांनी हात पुढे करून वस्तू काढून घेतली आणि घड्याळ लावलं. पाय खाली गेले, मागोमाग कंबर गेली. दोनशे मीटरला सहा मिनिटं वीस सेकंद लागली. काठाला धरून ती रडायलाच लागली.

"सगळ्यांना सांगून बसलेय हो मी."

"मग पाय हलवा," सर म्हणाले.

पुढचे तीन आठवडे दुपारी फक्त पाय. हातात फळी धरायची आणि पाय मारत सुटायचं. अठरा वर्षं फरशीवर उभं राहून घोटे ताठ झालेले. पहिल्या दिवशी तिने जीव तोडून पाय मारले आणि हातभर मागे गेली.

"वेग चांगलाय," सर म्हणाले, "दिशा तेवढी बदला."

मग ती घरी भाजी निवडतानाही पायाचे पंजे ताणून बसू लागली. पोटऱ्यांत गोळे येत, ती शिव्या देई, कधी उशीला, कधी सरांना.

परीक्षेला दोनशे मीटर पाच मिनिटं सत्तावीस सेकंदांत झाले. तिचा ऊर फुटायच्या बेताला आला होता, पण बाकी होतं ते खरं काम: बेशुद्ध माणसाला पंचवीस मीटर ओढून आणायचं. बेशुद्ध झाले होते परीक्षक स्वतः, आडव्या अंगाचे गृहस्थ, डोळे मिटून प्रामाणिकपणे जड होऊन पडलेले. एक हात त्यांच्या हनुवटीखाली, दुसऱ्याने पाणी मागे सारायचं. निम्म्यात ते निसटायला लागले, तेव्हा तिने दुसरा हातही त्यांच्या काखेत घातला. पाणी ओढायला हात उरलाच नाही. उरले ते पाय, आणि पाय चालत राहिले. सरांनी तीन आठवडे कशासाठी छळलं ते तिला तेव्हा कळलं आणि त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की ती नाकातोंडात पाणी जाता जाता वाचली.

काठ आला. शिट्टी वाजली.

"झालं बाई, सोडा," परीक्षक डोळे उघडून म्हणाले.

"आधी काठ धरा."

"अहो, मी परीक्षक आहे. मला पोहता येतं."

"येत असेल. काठ धरा."

त्यांनी निमूटपणे काठ धरला. दोन्ही हात घट्ट बसलेत हे तिने डोळ्यांनी पाहिलं आणि मगच हनुवटी सोडली. परीक्षक वर आले, ओल्याच हाताने कागद पुढे ओढला आणि निकालाच्या रकान्यात लिहिलं, 'उत्तीर्ण. माझी मुलगी हिच्याच ड्युटीच्या वेळी पोहायला येईल.'