लेफ्साचं कुंपण

दुधाच्या टँकरने असा काही ब्रेक मारला की फडताळातल्या बश्या वाजल्या. मी पिठाच्या हातांनी तशीच बाहेर धावले. रस्त्याच्या मधोमध टँकर उभा, ड्रायव्हर पांढराफटक, आणि पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर आमची लेफ्सा बसलेली, शेपूट हलवत. जणू तिनेच त्याला कॉफीसाठी थांबवलं होतं.

लेफ्सा म्हणजे खरं तर आम्हा नॉर्वेजियन घरांतली बटाट्याची पातळ पोळी. तव्यावर तिला तपकिरी ठिपके पडतात. कुत्रीच्या अंगावर अगदी तसे ठिपके, म्हणून आमच्या कायाने तिचं तेच नाव ठेवलं.

"मार्लिस, या महिन्यातली ही तिसरी खेप," ड्रायव्हर मला म्हणाला. "पुढच्या खेपेला माझा पाय वेळेवर पोचेलच असं नाही सांगत."

माझा नवरा कर्ट गोठ्यातून धावत आला. त्याने लेफ्साला गळ्यापाशी धरून उचललं, तिच्या कानात तोंड खुपसलं आणि मग रागाने ओरडला, "शनिवारी कुंपण! विजेचं! बास झालं!"

लाकडी कुंपणाचा प्रश्नच नव्हता. इथे विस्कॉन्सिनमध्ये हिवाळ्यात बर्फाचे ढीग लागले की लेफ्सा कुंपणावरून चालतच पलीकडे गेली असती. विजेच्या कुंपणात कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असतो. हद्दीजवळ गेलं की पट्टा आधी वाजतो, आणि तरीही पुढे गेलं तर चिमटा बसतो.

रात्रीच्या जेवणाला टेबलावर ताटांपेक्षा कुंपणांची माहितीपत्रकंच जास्त. माझ्या घरात इतका उत्साह कायाच्या जन्मानंतर पहिल्यांदाच बघत होते.

"उपग्रहाचा पट्टा घेऊ या!" काया म्हणाली. वय चौदा, त्यामुळे जे फोनवर दिसतं तेच खरं. "लेफ्सा कुठे आहे ते मला शाळेतसुद्धा दिसेल!"

"या दरीत तुझ्या आजीला फोन लावायचा तर टेकडीवर चढावं लागतं," कर्ट म्हणाला. "उपग्रहाला आपण दिसायला तर हवं ना?"

"मग हा घे." मी दुसरा कागद पुढे केला. "घरात एक डबा ठेवायचा, तो चारी बाजूंना गोल हद्द आखतो. खणणं नाही, काही नाही."

कर्टने कंपासने नकाशावर आमच्या घराभोवती गोल काढला. एका बाजूला गोल थेट रस्त्यावर गेला आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या सेल्मर बाकेनच्या अंगणात. कर्टच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"त्याच्या जमिनीत एक इंचसुद्धा नाही!"

दोन वर्षांपूर्वी कर्टने हद्दीवर सूचिपर्णीची रोपं लावली. सेल्मरने मोजणीदार आणला आणि सिद्ध केलं की रोपं त्याच्या जमिनीत दोन फूट आत आहेत. "राहू देत," असंही तो म्हणाला, पण कर्टने त्याच दुपारी सगळी उपटली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. रस्त्यात गाड्या समोरासमोर आल्या की स्टिअरिंगवरून एक बोट मात्र दोघेही उचलतात. तेवढंही न करण्याइतकं भांडण आमच्या दरीत अजून कुणाचं झालेलं नाही.

"मग जमिनीखालची तार," कर्ट म्हणाला. "चर पाडायचं यंत्र भाड्याने आणू. तार हवी तशी वळवता येते. थेट हद्दीवरून नेतो, सरळसोट. मोजणीदारालाही चूक सापडायची नाही!"

काया टाळ्या पिटायला लागली. मीसुद्धा हसत होते, आणि हसता हसता मला एकदम आठवलं.

"कर्ट, तीन वाजता काय करायचं?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. काय ते तिघांनाही ठाऊक होतं. रोज तीनला सेल्मर ओसरीवर कॉफी घेऊन बसतो आणि लेफ्सा त्याच्या बुटांवर हनुवटी टेकून पडते. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको आर्डिस गेली, तेव्हापासून एक दिवसही चुकलेला नाही. माझ्या मोरीवरच्या खिडकीतून दिसतं. तो तिच्याशी बोलतो. दिवसभरात तो आणखी कुणाशी बोलत असेल असं मला वाटत नाही.

"तोच तक्रार करतो ना, कुत्री पायऱ्या घाण करते म्हणून?" कर्ट म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी सेल्मरकडे गेले. त्याने दार अर्धंच उघडलं.

"सेल्मर, आम्ही लेफ्सासाठी तार घालतोय. हद्दीवरून. तुम्हाला चालेल ना?"

"छान होईल," तो म्हणाला.

"ती मग इकडे येऊ शकणार नाही, म्हणून म्हटलं…"

"छान होईल. पायऱ्या स्वच्छ राहतील."

आमच्याकडे कॉफीसुद्धा तीनदा विचारल्यावर घेतात. एकदा विचारून माणूस जे बोलतो त्याला काही अर्थ नसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण बाहेर कर्ट गाडीचा हॉर्न वाजवत होता. दुकानात तारेच्या डब्यावर सवलत होती ना! मी तिसऱ्यांदा विचारलंच नाही.

पट्टा आला त्या संध्याकाळी घरात नुसती जत्रा. कर्टला वाटलं, लेफ्साला घालण्याआधी आपण अनुभव घ्यावा.

"बाबा, सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवा," काया म्हणाली.

"अगं, मी गाईंच्या कुंपणाला हात लावत मोठा झालोय. मधल्यावर ठेव."

त्याने पट्टा तळहातात धरला आणि सिग्नलच्या डब्याला तात्पुरत्या जोडलेल्या तारेजवळ गेला. पुढच्या क्षणी पट्टा एकीकडे, टोपी दुसरीकडे, आणि कर्टच्या तोंडून असे नॉर्वेजियन शब्द बाहेर पडले जे त्याच्या आजोबांबरोबर गेले असं मला वाटत होतं. काया जमिनीवर लोळून हसली. आकडा सगळ्यात खाली ठेवायचा, हे एकमताने ठरलं.

खणण्याआधी इथे फोन करून कळवावं लागतं. मग तीन दिवसांत माणूस येतो आणि जमिनीखाली कुठे काय पुरलंय ते रंगाच्या रेघा मारून दाखवतो: विजेला लाल, गॅसला पिवळा, पाण्याला निळा. आमच्या अंगणातल्या रेघा गुरुवारी झाल्या. शुक्रवारी संध्याकाळी कर्ट आणि कायाने तारेच्या मार्गावर छोटे पांढरे झेंडे रोवले. सेल्मरच्या बाजूला तर कर्टने दोरी ताणून झेंडे रोवले. मी खिडकीतून बघत होते आणि मला ती रांग बिलकुल आवडली नाही.

शनिवारी सकाळी काया किंचाळली, "आई! बाबा! झेंडे गेले!"

आम्ही तिघं झोपायच्या कपड्यांत अंगणात. हद्दीवर एकही झेंडा नव्हता, मातीत नुसती भोकं. मग कायाने हात दाखवला. झेंडे होते, सगळे होते. रस्त्याच्या कडेची रांग आमच्या अंगणातून थेट पुढे सेल्मरच्या अंगणात गेली होती, त्याच्या कोठारामागून वळली होती आणि ओसरीला पोटात घेऊन आमच्या परसात परत आली होती. दोन्ही घरं मिळून एकच मोठं रिंगण!

"याची ही हिंमत!" कर्ट गरजला आणि तसाच, चट्ट्यापट्ट्याच्या विजारीत, तरातरा निघाला. मी मागे, माझ्यामागे काया, कायामागे लेफ्सा.

सेल्मर ओसरीवर उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट. शनिवारी सकाळी, इस्त्रीचा!

"माझे झेंडे कुणी हलवले?" कर्टने विचारलं. दोन वर्षांतलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"वारा असेल," सेल्मर म्हणाला.

"वारा झेंडे उपटून पुन्हा रांगेत रोवतो?"

"या दरीतल्या वाऱ्याचं काय सांगावं."

काया फिसकन हसली. मी तिला कोपर मारलं. तेवढ्यात माझी नजर ओसरीपलीकडच्या, आमच्या बाजूने न दिसणाऱ्या गवतावर गेली. तिथेही रेघा होत्या. लाल, पिवळी, निळी. आमच्यासारख्याच, नव्या कोऱ्या.

"या रेघाही वाऱ्यानेच मारल्या का?" मी विचारलं.

सेल्मर बुटांकडे बघायला लागला. "ते… परवा आले होते. तुम्ही कामावर होतात."

म्हणजे याने फोन सोमवारीच केला होता. मला "छान होईल" म्हणाला, दार लावलं आणि सरळ फोनकडे गेला. माझे डोळे भरून आले. तिसऱ्यांदा न विचारणारी मी किती मूर्ख!

कर्टच्याही ते ध्यानात आलं असावं. त्याने झेंड्यांच्या रांगेवरून नजर फिरवली, कोठारापर्यंत नेली, परत आणली. आवाज एकदम उतरला.

"सेल्मर, हे तुमच्या जमिनीत शंभर फूट तरी आत आहे."

"असेल," सेल्मर म्हणाला. "मी मोजलं नाही."

दोन फुटांसाठी मोजणीदार आणणारा माणूस! कर्टने घसा खाकरला.

"माझ्याकडची तार एवढ्याला पुरायची नाही."

सेल्मरने पाय थोडा बाजूला घेतला. मागे बाकाखाली तारेचं नवं भेंडोळं होतं.

"कॉफी घेणार?" त्याने विचारलं.

"नको, काम पडलंय," कर्ट म्हणाला.

"थोडी?"

"नको, उगाच तुम्हाला त्रास."

"बाबा, घ्या ना आता!" काया ओरडली.

"तयारच आहे," सेल्मर तिसऱ्यांदा म्हणाला, आणि कर्ट विजारीसकट पायरीवर बसला.

मग काय धमाल उडाली! यंत्र पाचला परत द्यायचं होतं. कर्ट चर पाडत पुढे, सेल्मर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांवर बसून तार घालत मागे, मी आणि काया माती लोटत शेवटी. दोघं म्हाताऱ्या गाढवांसारखे भांडत होते, तार किती खोल, वळण किती गोल. इतकं सुंदर भांडण मी कधी ऐकलं नव्हतं. तारेची दोन्ही टोकं आमच्या गॅरेजातल्या सिग्नलच्या डब्याला जोडली तेव्हा तीनला थोडाच वेळ होता. आज फक्त आवाज, चिमटा नाही, असं ठरलं. सेल्मर कॉफी घेऊन आपल्या ओसरीवर जाऊन बसला.

कायाने लेफ्साला पट्टा घातला, दोरी धरली आणि आधी रस्त्याकडे नेलं. झेंड्यापाशी पट्टा वाजला. लेफ्सा दचकून मागे सरली. पुन्हा नेलं, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा तिने स्वतःच तोंड फिरवलं, आणि पलीकडून टँकरसारखं काहीतरी धडधडत गेलं तरी ती तिथेच राहिली. कर्टने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

मग काया सेल्मरच्या घराकडे वळली. लेफ्साने दोरी ताणली. काल झेंडे होते त्या भोकांपाशी ती आली. आम्ही सगळे बघत उभे. सेल्मरच्या हातातला कप अर्ध्यावरच थांबला होता.

पट्टा वाजला नाही. लेफ्सा भोकं ओलांडून धावत सुटली, पायऱ्यांवर मातीचे पंजे उठवत वर गेली आणि बुटांवर हनुवटी टेकून आडवी झाली.

"केल्यास ना पायऱ्या घाण," सेल्मर तिला म्हणाला, आणि कप खाली ठेवून तिच्या कानामागे खाजवत बसला.