मागच्या अंगणातलं गवत

नवरा दुसऱ्या बाईकडे राहायला गेला, तेव्हा सुनेनं आणि सासऱ्यांनी एकमेकांना काहीच विचारलं नाही. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला जायची, यायची, दोघांपुरता स्वयंपाक करायची. सासरे निवृत्त नकाशाकार. बोलणं मुळातच मोजकं, आता तर हूं की चूं नाही.

एका रविवारी त्यांनी मागची हिरवळ कुदळीनं उखडली आणि माळावरच्या गवताचे बावीस ठोंब लावले. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, लोक तण उपटतात आणि तुम्ही लावताय होय? हे इथलंच आहे, लाड मागत नाही, असं सासरे म्हणाले. सुनेनं झारी उचलली, कारण ती समोर होती.

पहिलं वर्ष ठोंब नुसते बसून राहिले. दुसऱ्या वर्षी कमरेएवढे झाले, तांबूस तुरे आले. मग बी टिपायला चिमणीहून लहान मुनिया आल्या. एका ठोंबात त्यांनी चेंडूएवढं घरटं विणलं. सासरे सकाळी तिथं खुर्ची टाकत. तीही चहा घेऊन बसू लागली. बरं वाटायचं असं नाही. बसायची, इतकंच.

नवरा राहिलेले कपडे न्यायला आला, तेव्हा घरात कोणी नव्हतं. सून आणि सासरे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परतले, तर अंगण सपाट. शेजारणीचं गवत कापायचं यंत्र मागून आणून त्यानं सगळं कापलं होतं.

"केवढं रान माजलं होतं, बाबा," तो घाम पुसत म्हणाला.

सासऱ्यांनी वाकून घरटं उचललं. आत काही उरलं नव्हतं.

"घराची किल्ली ठेवून जा," ते म्हणाले.

"गवतासाठी?"

"ठेव."

त्यानं बायकोकडे पाहिलं. आता आपल्याला रडू येईल, असं तिला वाटलं. आलं नाही. तिनं हात पुढे केला आणि किल्ली घेतली.

कापलेल्या काड्या दोघांनी किड्या-मुंग्यांसाठी कोपऱ्यात रचल्या. गवत फुटेल, पक्ष्यांचं सांगता येत नाही, असं सासरे म्हणाले. तेव्हा तिनं सांगितलं की, तिनं स्वतःसाठी भाड्याची एक खोली बघून ठेवली आहे.

ते बराच वेळ काड्या सरळ करत राहिले.

"स्वयंपाकासाठी थांब म्हणणार नाही. तो मला येतो," ते म्हणाले. "पण राहा."

दुसऱ्या दिवशी तिनं खोलीवाल्या बाईंना फोन करून नको म्हणून कळवलं, आणि वेळेवर कामाला गेली.