सूचक चिंधा, अनुमोदक दलिचंद

जांभुळझिरे गावच्या दलिचंद शेठ ओसवालांना दोन कामं फार सुरेख जमत. एक म्हणजे किलोभर साखर रद्दीच्या कागदात अशी बांधायची, की घरी जाईपर्यंत एक दाणा सांडायचा नाही. आणि दुसरं, ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत योग्य वेळी "अनुमोदन" म्हणायचं. पहिलं काम प्लास्टिकच्या पिशव्यांनी हिरावून नेलं. दुसरं मात्र वीस वर्षं टिकलं.

पंचायतीत कुणाच्या मनात आलं म्हणून ठराव होत नाही. एकाने विषय मांडायचा, तो सूचक. दुसऱ्याने त्याला दुजोरा द्यायचा, तो अनुमोदक. मग बाकीच्यांनी हात वर करायचे आणि चहाची वाट बघायची. जांभुळझिऱ्यात सूचक म्हणजे चिंधानाना पाटील आणि अनुमोदक म्हणजे दलिचंद शेठ, हे ठरूनच गेलं होतं. गटार असो, दिवाबत्ती असो, नाहीतर पाण्याच्या टाकीत पडलेलं माकडाचं पिल्लू काढण्याचा विषय असो, इतिवृत्तात ही दोन नावं जोडीनेच यायची. गणपतीत प्रसाद बुंदीचा की शिऱ्याचा यावरून वाद पेटला, तेव्हा मंडळाची पोरं आधी शेठचं अनुमोदन आणा म्हणून हसली होती.

शेठना त्याचा राग नव्हता. दुकानदार माणसाने सूचक होऊ नये, असं त्यांचं पक्कं मत होतं. गटार ज्याच्या दारावरून जातं तो सूचकाच्या नावाने बोटं मोडतो, अनुमोदकाला कोणी हिशेबात धरत नाही. आणि ज्याच्या दारावरून गटार जायचं, तोही शेवटी हळद-मिठाला शेठच्याच दुकानात येणार. मुळात ते निवडणुकीला उभेही राहिले नसते. पण चिंधानाना दुकानाच्या पायरीवर बसून राहिले होते. "दलिचंद, तू फक्त हात वर कर. बाकी मी शे," असं ते म्हणाले, आणि शेठ निवडून आले.

सभेत दोघांच्या खुर्च्या लागून असत. दुपारचं जेवण झालेलं, वर पंखा फिरतोय, ग्रामसेवक जमाखर्च वाचतोय. शेठचा डोळा लागायचाच. मग नाना आपला विषय मांडून झाला, की टेबलाखालून कोपराने शेठना हळूच ढोसत. शेठ डोळे मिटूनच "अनुमोदन" म्हणत. विषय कोणता होता ते त्यांना घरी जाताना नानांकडून कळायचं. एवढा विश्वास शेठनी दुसऱ्या कुणावर ठेवला नाही, सख्ख्या भावावरही नाही.

पण एक विषय असा होता, की त्या वेळी शेठ टक्क जागे असत. फाट्यावरच्या शेडचा. तो नेहमी सगळ्यात शेवटी, ऐनवेळचे विषय सुरू झाले की यायचा. गाव हायवेपासून आत. जळगावची आणि धुळ्याची एसटी फाट्यावर थांबते. तिथे ना झाड, ना भिंत, ना टेकायला दगड. तिथे बसायला बाक आणि डोक्यावर पत्रे असावेत, एवढंच नानांचं म्हणणं. ठराव एकमताने मंजूर व्हायचा, आणि जागा रस्तेवाल्यांची आहे म्हणून तिथेच अडकायचा. पत्र पाठवलं जायचं. उत्तर येत नसे. दोन-चार महिन्यांनी नाना पुन्हा घसा खाकरत आणि शेठ पुन्हा सावरून बसत.

या शेडचं मूळ शेठच्या लग्नात होतं. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी शेठ ती कुणी विचारायच्या आधीच सांगतात. लग्न तिकडे मारवाडात झालं. नवी नवरी मंजू रेल्वेने जळगावला आणि तिथून एसटीने फाट्यावर उतरली. मे महिना, खानदेशातलं ऊन, अंगावर जरीचा घागरा, डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढणी. बैलगाडी यायची होती आणि गाडीवान कुठे विहिरीवर पाणी प्यायला थांबला होता, कुणास ठाऊक. अर्ध्या तासात नवरी झोकांड्या खायला लागली. वऱ्हाडातली म्हातारी माणसं गाडीवानाला शिव्या देत होती आणि नवरदेव नुसता घाबरून उभा होता. फाट्याला लागूनच नानांच्या घरची केळीची बाग. शाळेत एका बाकावर बसलेला हा मित्र धावत बागेत शिरला, केळीची दोन लांबलचक पानं तोडून घेऊन आला आणि मंजूच्या डोक्यावर धरून उभा राहिला.

"भाभी, ऊन जहर शे," तो म्हणाला. "पानखाले उभ्या ऱ्हा."

गाडी येईपर्यंत त्याने हात खाली केले नाहीत. मंजूबाईंना त्या वेळी त्याचं एक अक्षर कळलं नव्हतं. पण जांभुळझिऱ्यात आपल्याशी पहिलं बोललेलं माणूस चांगलं होतं, हे त्या आजही सांगतात. पुढे त्या इतकी फर्डी अहिराणी बोलायला लागल्या, की बाजारात भाजीवाल्या त्यांना वचकून असतात. आणि नाना त्या दिवसापासून जो भेटेल त्याला सांगत राहिले, की आठे, फाट्यावर, एक शेड पाहिजे, लेकी-सुना उनमा उभ्या ऱ्हातस.

दोन वर्षांपूर्वी नाना गेले. दुकानाच्या पायरीवर ते रोज बसत ती जागा रिकामी झाली तेव्हा शेठनी तिथे तेलाचे डबे मांडून ठेवले, कारण रिकामी पायरी त्यांना बघवेना. नानांच्या जागेवर त्यांची सून मयुरी बिनविरोध निवडून आली. खुर्ची तीच, शेठच्या शेजारची. पण मयुरी फारशी बोलत नसे, आणि सूनबाईच्या शेजारी डुलक्या काढणं बरं दिसत नाही म्हणून शेठना आता सगळी सभा जागेपणी ऐकावी लागे. पंचायतीचा कारभार किती कंटाळवाणा असतो हे त्यांना वयाच्या सत्तरीत समजलं.

आणि नाना गेल्यावर नशीब असं फिरलं, की हायवेचं चौपदरीकरण झालं, वळणरस्ता बाहेरून गेला आणि फाट्याचा जुना तुकडा ग्रामपंचायतीच्या ताब्यात आला. एसटी मात्र जुन्याच रस्त्याने येत राहिली. इतकी वर्षं जी जागा मिळत नव्हती, ती आपणहून पदरात पडली. शेठना त्या दिवशी दुकानात बसवेना. ही बातमी ज्याला सांगायची, तोच नव्हता.

मग या पंचायतीच्या मुदतीतली शेवटची मासिक सभा आली. यापुढे प्रशासक बसणार होता, आणि शेठ काही पुन्हा उभे राहणार नव्हते. खात्यात थोडा निधी शिल्लक होता. तरुण सरपंच किरण, पोरगा कामाचा पण हौशी, त्याने विषय घेतला: फाट्यावर गावाची स्वागत कमान. आणि कमानीवर नाव, कैलासवासी चिंधानाना पाटील प्रवेशद्वार. निधी एकच. कमान झाली की शेड कायमची गेली.

विषयपत्रिका हातात पडली तेव्हा शेठ दुकानात बराच वेळ चष्मा पुसत राहिले. विरोध करावा तर गाव म्हणणार, जन्मभराच्या मित्राचं नाव याला बघवलं नाही. समोर नानांची सून बसणार, तिच्या तोंडाकडे कसं बघायचं? आणि गप्प बसावं, तर नाना ज्या एका गोष्टीसाठी म्हातारे झाले ती आपल्याच अनुमोदनाने बुडणार. त्यांनी मंजूबाईंना विचारलं. मंजूबाई तांदूळ निवडत होत्या. गुडघ्याच्या डॉक्टरकडे त्या अजूनही एसटीनेच जळगावला जातात आणि फाट्यावर पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहतात.

"कमाननी सावली कोनले पुरस?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या.

सभेला सगळे वेळेवर आले. मागचं इतिवृत्त कायम झालं, जमाखर्च मंजूर झाला, जन्म-मृत्यूच्या नोंदी वाचून झाल्या. ग्रामसेविका दिपमाला मॅडमनी कमानीचा विषय वाचला. सूचक म्हणून नासीरभाईंनी हात वर केला. नासीरभाईंचं वेल्डिंगचं दुकान, त्यांना कमान काय आणि शेड काय, दोन्ही लोखंडच. अनुमोदक म्हणून मॅडमनी कुणाला न विचारताच दलिचंद ओसवाल लिहायला घेतलं. पंचायतीची वीस वर्षांची सवय ती.

"थांबा मॅडम," शेठ म्हणाले. "माझं अनुमोदन नाही."

दलिचंद शेठ नाही म्हणाले, हे त्या खोलीत कधी घडलेलं नव्हतं. किरणला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्याने मोठ्याने सांगितलं, की शेठ, कमान नानांच्या नावाची आहे. शेठ उठून उभे राहिले. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा सूचना मांडली, की हा निधी कमानीला न देता फाट्यावर बाक आणि पत्र्याची शेड करावी. भाषण त्यांना येत नव्हतं. केळीच्या पानांची गोष्ट सांगायची म्हणून घोकून आले होते, ती ऐनवेळी राहूनच गेली, आणि ते नुसतंच "ऊन लागतं" असं म्हणून खाली बसले.

किरण समजुतीने बोलला. आता घरोघरी मोटारसायकली आहेत, फाट्यावर एसटीची वाट कोण बघतं, कमान गावाची शान होईल, नानांचं नाव राहील. दोघा-तिघांनी माना हलवल्या. तरी रीत म्हणून दिपमाला मॅडमनी विचारलं, "शेठच्या सूचनेला अनुमोदक?"

हात वर गेला तो फक्त शेठचा स्वतःचाच. अनुमोदक हा शब्द कानावर पडला की तो हात वर जायचा, त्याला विचार करावा लागत नसे.

आधी नासीरभाई हसले, मग सगळेच. मॅडमनी ओठ दाबत सांगितलं, की शेठ, आपल्याच सूचनेला आपलं अनुमोदन चालत नाही. शेठनी हात खाली घेतला आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. गावातल्या प्रत्येक ऐऱ्यागैऱ्याच्या विषयाला त्यांनी दुजोरा दिला होता. आज त्यांच्या एका विषयाला या खोलीत एक माणूस मिळत नव्हता. नाना असते तर, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात फिरत राहिला, आणि डोळे भरून आले म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

हसू थांबल्यावर किरण मयुरीकडे वळून म्हणाला, की वहिनी, तुम्हीच शेठना सांगा, शेवटी सासऱ्यांच्या नावाचा प्रश्न आहे.

मयुरीने सांगितलं, ते मात्र त्याला वाटलं होतं तसं नव्हतं. मोटारसायकली आहेत, पण त्या पुरुषांच्या बुडाखाली आहेत, ती म्हणाली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून फाट्यावर रोज बायकांचीच रांग असते, आणि त्या रांगेत ती स्वतः उभी असते. सभेतल्या किती जणांनी ती रांग गाडीवरून उतरून पाहिली, असंही तिने विचारलं.

"आमना नाना नावकरता नही झगडनात," ती म्हणाली. "त्या कसाकरता झगडनात, ते बठ्ठा गावले माहीत शे."

किरणने मान खाली घातली. मग तो मॅडमना हळूच म्हणाला, की वहिनींचं अनुमोदन लिहा.

"नाही," मयुरी म्हणाली. "मला सूचक लिहा. फाट्यावर शेड, सूचक मयुरी पाटील. या विषयाला अनुमोदन देणारा माणूस पहिल्यापासून ठरलेला आहे."

मॅडमनी आधीच्या ओळीवर काट मारली आणि नव्याने लिहिलं. पेन थांबलं. सगळे शेठकडे बघायला लागले. शेठ अजून खिडकीबाहेरच बघत होते. तिथून फाटा दिसत नाही, पंचायतीच्या मागची बाभूळ दिसते. त्यांच्या कानावर काहीच पडत नव्हतं. ते एका जुन्या मे महिन्यात जाऊन उभे होते.

तेवढ्यात टेबलाखालून कोणीतरी त्यांना कोपराने हळूच ढोसलं. दोन वर्षांत कुणी ढोसलं नव्हतं. शेठ दचकले आणि त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं.

"आबा," मयुरी समोर बघत पुटपुटली, "अनुमोदन."

शेठनी डोळे मिटले.

"अनुमोदन," ते म्हणाले, आणि इतक्या मोठ्याने म्हणाले, की बाहेर चहा घेऊन उभ्या असलेल्या कुंदाबाईला ऐकू गेलं. सभा संपली असं समजून ती कपबशा घेऊन आत आली.